वेगवान लीडसाठी पिक निवडताना: आधी ते तारेतून कसं सुटतं ते बघ

तुझा प्रश्न थोडक्यात असा. इलेक्ट्रिक गिटार हातात घेऊन तीन वर्षं झाली. मेट्रोनोम १५० ला (मिनिटाला १५० ठोके) लावून एकाच तारेवर सिक्स्टीन्थ नोट्स, म्हणजे ठोक्याला चार, व्यवस्थित निघतात, पण तेच स्केल प्रत्येक तारेवर तीन नोट्स असं सहा तारांवर न्यायला गेलं की १२५ लाच हात अडखळतो. हातात ‘मीडियम’ छापलेलं सेल्युलॉइडचं पिक, म्हणजे तारा छेडायचा प्लास्टिकचा चपटा तुकडा. एक मित्र म्हणतो जॅझ थ्री नावाचं लहान, टोकदार पिक घे, दुसरा म्हणतो पातळ पिकाने हात हलका पडतो. तू ऑनलाइन बारा पिकांचं मिक्स पाकीट मागवलंस, रोज एक वाजवून बघितलंस आणि आता आधीपेक्षा जास्त गोंधळलायस. वर विचारतोयस, तीन हजारांचं परदेशी पिक घेतलं तर फरक पडेल का?

शेवटचं आधी सांगून टाकतो. नाही पडणार, निदान आत्ता तरी नाही. तुझी निम्मी अडचण पिकात नाहीच, आणि उरलेली निम्मी एका मिसळीच्या पैशांत सुटते.

सदाशिव पेठेत मला गिटार शिकवायला लागून बावीस वर्षं झाली. नवा मुलगा आला की वाजव म्हणण्याआधी मी त्याचं पिक मागून घेतो आणि ट्यूबलाइटखाली तिरकं धरतो. मुलांना वाटतं सर ब्रँड बघतायत. मी टोक बघत असतो. महिनाभर वापरलेलं पिक त्या हाताबद्दल सगळं सांगतं. टोकाच्या एकाच खांद्यावर नखाएवढा तिरका, गुळगुळीत उतार पडला असेल तर हात एका ठरावीक कोनात चालतोय. टोक दोन्ही बाजूंनी करवतीसारखं खरखरीत झालं असेल तर हा मुलगा पिक सपाट धरून तारेत खोल घुसवतोय. आणि टोक अगदी कोरं, पण छापलेली अक्षरं पुसलेली असतील, तर रियाज कमी आणि घट्ट धरणं जास्त. तूही हे आज रात्री करून बघ. तुझ्या त्या ‘मीडियम’वर काय दिसतं ते कळलं की पुढचं सगळं सोपं जाईल.

पिक तारेला लागतं कसं, आवाज कसा येतो, याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. वेगाच्या बाबतीत कळीचा क्षण त्यानंतरचा आहे, पिक तारेतून सुटण्याचा. जाडी, टोक, मटेरियल, धरायचा कोन, या चारही गोष्टी मी त्या एका क्षणावर तपासतो.

हिशोब कर. १५० बीपीएमला सिक्स्टीन्थ म्हणजे सेकंदाला बरोबर दहा नोट्स. एका स्ट्रोकच्या वाट्याला आले शंभर मिलिसेकंद. तेवढ्यात पिकाने तारेला टेकायचं, तार ढकलायची, सुटायचं, थांबायचं आणि उलटं फिरायचं. पातळ पिक तारेला टेकलं की आधी ते स्वतःच वाकतं, मग तार हलते. म्हणजे हात पुढे गेलेला असतो आणि नोट मागून येते. सुटल्यावर ते टोक फटकन सरळ होतं, थोडं थरथरतं, आणि ती थरथर पुरती थांबायच्या आत तुझा अपस्ट्रोक (वरच्या दिशेचा फटका) सुरू झालेला असतो. संथ वाजवताना हे जाणवतही नाही. दहा नोट्सच्या वेगाला दर वेळी टोक नेमकं कुठे आहे हे हाताला कळेनासं होतं.

स्ट्रमिंगला, म्हणजे सगळ्या तारा एकदम छेडायला, हीच गोष्ट गुणाची ठरते. सहा तारांवरून झरकन जाताना पिक वाकलं तर सगळ्या तारा सारख्या वाजतात, एकही तार टोचल्यासारखी पुढे येत नाही. म्हणून तुझा दुसरा मित्र अगदीच चुकीचं सांगत नाहीये, तो बहुतेक अकूस्टिकवर गाणी वाजवणारा असणार. ते मीडियम फेकू नकोस, त्या कामाला ठेव.

तू इंजिनिअरिंगला आहेस म्हणून एक जास्तीचं सांगतो. मटेरियल आणि आकार तोच ठेवला तर वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ०.७३ मिलिमीटरवरून १ मिलिमीटरवर गेलास तर जाडी दिसायला पाव मिलिमीटरने वाढली, पण ताठपणा झाला अडीचपट. १.३८ वर गेलास तर जवळजवळ पावणेसातपट. म्हणून ०.७३ आणि ०.८८ मध्ये बोटाला जाणवेल एवढा फरक असतो, पण १.५ आणि २ मध्ये हाताला फारसं काही कळत नाही, कारण तोवर वाकणं जवळपास संपलेलं असतं. पुढे नुसती जाडी वाढते, आणि जाड कडेला नीट उतार घासलेला नसेल तर ती तारेवरून सरकायच्या ऐवजी तारेला अडते. म्हणजे पुन्हा सुटण्याचाच घोळ.

माझ्या मते लीडसाठी, म्हणजे एकेक नोटने सोलो वाजवायला, १ मिलिमीटरच्या खाली सुरुवात करू नये आणि १.५ च्या वर जायची घाई करू नये. वेगासाठी नावाजलेल्या गिटारवादकांपैकी जॉन पेट्रुचीच्या नावाने निघालेलं जॅझ थ्री १.५ चं आहे, मालमस्टीनही १.५ वापरतो. जिप्सी जॅझवाले तर तीन-साडेतीन मिलिमीटरचे ठोकळे घेऊन बसतात, पण त्यांची गिटार वेगळी, ताकद लावायची पद्धत वेगळी. आणि तू मला अडवायच्या आत उलटं उदाहरणही देतो: रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनच्या नावाने डनलॉप ही कंपनी जी पिकं विकते ती ०.६० ची आहेत. माणूस काही हळू वाजवत नव्हता! पण त्याचा बराचसा वेग टॅपिंग आणि लेगाटोतला, म्हणजे डाव्या-उजव्या बोटांचा, आणि ट्रेमोलो, म्हणजे एकच नोट भराभर पिक करणं, तो मनगट हवेत उचलून एकाच तारेवर वाजवायचा. तुला हवंय ते तारा बदलत, प्रत्येक नोट पिक करत जाणं. त्या कामासाठी ०.६० देऊन मी कुणाला पुढे सरकलेलं पाहिलेलं नाही.

आता टोक. टोकदार पिक तारेला कमी जागेत भिडतं आणि लवकर सुटतं, आवाज नेमका, थोडा काचेसारखा. गोलसर टोक तारेवरून घसरत जातं, आवाज भरीव, आणि चुका पोटात घालतं. तू किती खोल जातोयस हे टोकदार पिक लगेच चव्हाट्यावर आणतं, कारण जरा जास्त घुसलं की अडकतं. म्हणून शिकायला टोकदार बरं. पण रोज दोन तास वाजवून हात बसला की बरेच जण हळूच गोलसर टोकाकडे येतात, मीही आलोय. जॅझ थ्री लोकप्रिय आहे ते या टोकामुळे आणि लहान आकारामुळे. नेहमीच्या पिकापेक्षा ते लांबी-रुंदीत काही मिलिमीटरने कमी असतं, त्यामुळे जास्तीचं पिक बोटांबाहेर लटकत राहत नाही. ज्यांचे पंजे मोठे त्यांना मात्र ते गुळाचा खडा चिमटीत धरल्यासारखं वाटतं. त्यांच्यासाठी त्याच टोकाचं मोठ्या अंगाचं ‘एक्स एल’ मिळतं.

ताठ आणि लहान पिक हा काही गिटारवाल्यांचा शोध नाही. डिसेंबरात सवाईला जाशील तेव्हा सरोदवादकाचा चेहरा बघत बसू नकोस, उजवा हात बघ. हातातला जवा, म्हणजे सरोदचं पिक, नारळाच्या करवंटीचा, घासून गुळगुळीत केलेला, आणि तसूभरही न वाकणारा. शेवटचा जलद भाग, ‘झाला’, सुरू झाला की दा-रा-दा-रा किती कमी अंतरात होतंय बघ. जवा तारेपासून बोटभरही लांब जात नाही. स्क्रीनवर जवळून दाखवतात तेव्हा तर फुकटचा क्लासच असतो. माझ्या एका विद्यार्थ्याने ते बघून आल्यावर आठवड्याभरात स्वतःच्या हाताची झेप निम्मी केली, मी वर्षभर ओरडून जे झालं नव्हतं ते.

मटेरियलबद्दल लोक तासन्‌तास बोलतात. मी थोडक्यात सांगतो, पण दोन ठिकाणी थांबेन.

पूर्वी चांगली पिकं कासवाच्या कवचाची असत, हॉक्सबिल नावाच्या समुद्री कासवाच्या. १९७० च्या दशकात त्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंदी आली, आपल्याकडेही १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते कासव संरक्षित आहे. सेल्युलॉइड त्याच्या कितीतरी आधीपासून त्याची नक्कल करत होतं, म्हणून अजून सेल्युलॉइडच्या पिकांवर ती तपकिरी कासवछाप नक्षी असते. आवाज गोड, बोटांना ऊब लागते, पण वेगात वाजवणाऱ्याकडून ते पटकन झिजतं. तुझं ‘मीडियम’ दोन महिन्यांत बसकं झालं असेल तर नवल नाही.

डेल्रिन हे दुसरं प्लास्टिक. डनलॉपची टॉर्टेक्स याची, १९८१ पासूनची, मॅट अंगाची, रंगावरून जाडी ओळखायची: पिवळं ०.७३, हिरवं ०.८८, निळं १, जांभळं १.१४. तारेवरून हे सहज घसरतं, म्हणजे सुटायला चांगलं. पृष्ठभाग थोडा खडूसारखा असल्यामुळे बोटातही बरं टिकतं. नवीन असताना वाउंड (वेढा गुंडाळलेल्या जाड) तारांवर जरा ‘खर्र’ करतं, दोनचार तासांत ते जातं. तेवढाही धीर नसेल तर जुन्या जीन्सच्या मांडीवर टोक पाच मिनिटं घास.

नायलॉनपाशी थांबतो, कारण पुण्याचा पावसाळा. नायलॉन हवेतला ओलावा शोषून घेतं आणि थोडं मऊ पडतं. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात ताठ वाटलेलं ०.८८ चं नायलॉन पिक जुलैत पंधरा दिवसांच्या झडीनंतर हातात घेतलं तर तेच का अशी शंका येते. १.३८ च्या जॅझ थ्रीला हे फारसं बाधत नाही, जाडीच इतकी आहे. मुळात वाकायला काही उरलेलंच नसतं. पातळ नायलॉन मात्र आपल्याकडे चार महिने भरवशाचं नाही.

अल्टेक्स हे आणखी एक प्लास्टिक, ताठ, झिजायला चिवट, पण आवाज चटचटीत. गेन (आवाज फाटवणारी सेटिंग) जास्त ठेवून वाजवणाऱ्याला ती चटचट अ‍ॅम्पमधून जास्तच ऐकू येते. मला आवडत नाही, माझ्या अर्ध्या मुलांना आवडतं. अ‍ॅक्रिलिकची जाड, पारदर्शक पिकं बोटांच्या उबेने चिकटून बसतात, घाम येणाऱ्यांना उपयोगी. धातूची पिकं घेऊ नकोस.

धातूचं मी अनुभवाने सांगतोय. कॉलेजात असताना गणपतीत एका मंडळाच्या स्टेजवर वाजवत होतो. वरून ताडपत्री, बाजूने पावसाचे तुषार, हॅलोजनचा उकाडा, आणि हात तेल लावल्यासारखे. सोलोच्या दुसऱ्याच ओळीला पिक बोटांतून निसटलं आणि ढोलकीवाल्याच्या मांडीत जाऊन पडलं. दुसरं पिक गिटारच्या बॅगेत, बॅग स्टेजमागे. खिशात हात घातला तर रुपयाचं नाणं लागलं. क्वीनचा ब्रायन मे नाण्याने वाजवतो हे वाचलेलं होतं, म्हटलं चला. आवाज तर जबरदस्त आला, दोन मिनिटं मला वाटलं आपण लंडनमध्ये आहोत. घरी येऊन बघितलं तर वरच्या दोन तारांवर ठिकठिकाणी ओरखडे, आणि दोनच दिवसांत पहिली तार तुटली. ब्रायन मे वापरतो ते जुनं ब्रिटिश सहा पेन्सचं, तांबं-निकेलचं. आपला रुपया स्टेनलेस स्टीलचा. शिवाय त्याचा हात हलका, माझा तेव्हा कुदळ मारल्यासारखा.

त्या रात्रीपासून मी निसटण्याचा प्रश्न गंभीरपणे घेतला. घट्ट धरणं हा त्यावरचा सगळ्यात वाईट इलाज. बोटं आवळली की मनगट आवळतं, मनगटामागे कोपरापर्यंतचा सगळा हात, आणि वेग तिथेच मेला. पिक इतपतच धरायचं की शेजारच्याने टोकाला धरून हलकं ओढलं तर ते निसटावं. तर्जनीच्या पहिल्या पेराच्या कडेवर पिक ठेव, वरून अंगठ्याची गादी. बाहेर टोक दिसायला हवं ते ज्वारीच्या दाण्याएवढं, आणि त्यातलं तारेखाली जाईल ते फार तर दीड-दोन मिलिमीटर. एवढं करूनही घसरत असेल तर पिकाच्या अंगावर कंपासच्या टोकाने आडव्या-उभ्या बारीक रेघा मार. किंवा कागद पंच करायचं मशीन घेऊन मधोमध भोक पाड. १ मिलिमीटरपर्यंतच्या पिकाला जमतं, त्याहून जाड घातलंस तर पंच तुटेल आणि घरचे ओरडतील. अंगठ्याचं मांस त्या भोकात किंचित बसतं आणि पिक फिरायचं थांबतं. तयार खरखरीत अंगाची ‘मॅक्स ग्रिप’ पिकंही असतात, पण ती घ्यायच्या आधी हा फुकटचा उपाय करून बघ.

आता तुझ्या अडखळण्याकडे येतो. एका तारेवर १५० जमतं, तारा बदलताना १२५ ला अडतं. पिक सपशेल चुकीचं असतं तर एका तारेवरही अडलं असतं. म्हणजे घोळ तारेतून बाहेर पडण्यात आहे. नोट वाजवून पिक दोन तारांच्या मधल्या गाळ्यात राहिलं, तर पुढच्या तारेवर जायला त्याला मधली तार ओलांडायला उडी मारावी लागते. पण स्ट्रोक संपता संपताच पिक तारांच्या वर उचललं गेलेलं असेल, तर पुढच्या तारेवर अलगद उतरता येतं. प्रत्येक हाताची एक नैसर्गिक तिरीप असते. कुणाचा अपस्ट्रोक संपताना पिक वर हवेत जातं आणि डाउनस्ट्रोक संपताना तारांत अडकतं, कुणाचं उलट.

तुझी तिरीप कुठली ते असं ओळख. प्रत्येक तारेवर चार नोट्स घे आणि डाउनस्ट्रोकने सुरुवात कर, म्हणजे प्रत्येक तारेवरचा शेवटचा स्ट्रोक अप येईल. १३० ला मोबाइलवर रेकॉर्ड कर. मग तेच अपस्ट्रोकने सुरू कर, आता शेवटचा स्ट्रोक डाउन. दोन्हींपैकी एक दुसऱ्यापेक्षा ठळकपणे सोपं जाईल. ज्यात शेवटचा अप होता ते सोपं गेलं तर तुझं पिक अपस्ट्रोकला सुटतं. आणि आता बघ, तारेमागे तीन नोट्सचं स्केल अल्टरनेट पिकिंगने (एक डाउन, एक अप असं) वाजवलं तर एका तारेवर शेवटचा स्ट्रोक डाउन, पुढच्या तारेवर अप, पुन्हा डाउन. म्हणजे दर दुसऱ्या तारेला तुझा हात अडणारच. तू तीन वर्षं ज्याला पिकाचा दोष समजतोयस तो हा आहे.

यावर दोन रस्ते. एक, चाली अशा बसवायच्या की तारेवरून निघताना कायम तुझा सुटणारा स्ट्रोकच येईल, गरज पडली तिथे एखादी नोट हॅमर-ऑनने (पिक न मारता डाव्या बोटाने तार ठोकून) घ्यायची. मालमस्टीनच्या वाजवण्यात अशा युक्त्या भरपूर सापडतात. दोन, मनगट किंचित फिरवून दोन्ही बाजूंना सुटायला शिकायचं. त्याला महिने लागतात. मी तुला पहिला रस्ता धरून दुसऱ्याचा रोज दहा मिनिटं रियाज कर असं सांगेन.

पिक इथे मदत करतं ते कोनातून. पिक तारेला समांतर, सपाट न ठेवता थोडं वळव, हेडस्टॉककडची (खुंट्यांच्या टोकाकडची) कड जमिनीकडे झुकेल असं. मग तारेला सपाट पान न लागता कड लागते आणि पिक कापत गेल्यासारखं सुटतं. साधारण तीस अंश पुरे. त्यापलीकडे वळवलंस की जाड तारांवर चिमणी ओरडल्यासारखा चिरका आवाज येतो, मधला गाभा जातो. जॅझ गिटारवादक जॉर्ज बेन्सन नेमका उलट्या बाजूला वळवतो आणि काय वाजवतो, तेव्हा हा नियम देवाने दिलेला नाही. पण सुरुवात इकडून कर. आणि लक्षात घे, कडेने वाजवणाऱ्याचं पिक एकाच खांद्याला झिजतं. तो उतार तुझ्या हाताने घासून तयार झालेला असतो आणि सुटायला सगळ्यात चांगला असतो. पिक उलटं धरलंस तर उतार चुकीच्या बाजूला येतो आणि तार पकडतो. मुलं म्हणतात, “सर, आज हात चालत नाहीये.” मी पिक उलटून देतो, हात चालतो. म्हणून माझ्या प्रत्येक पिकावर अंगठ्याच्या बाजूला मार्करचा ठिपका असतो.

उतार फार खोल गेला, कडेला धार आली, की वॉटर पेपर घ्यायचा, हजार-दीड हजार नंबरचा, कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. पाण्यात बुडवून दोन मिनिटं हलक्या हाताने घासायचं. बहिणीची नखं चमकवायची पट्टीही चालते, विचारून घे.

तुझ्या त्या बारा पिकांच्या पाकिटाबद्दल. अशीच एक पुडी मीही एकदा एका दुकानातून घेतली होती, नावाजलेल्या छापाची, निम्म्या भावात. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये व्हर्निअर असेलच, त्याने मोज. माझ्याकडच्या पुडीत ०.८८ छापलेली पिकं ०.७५ पासून ०.९ पर्यंत वाटेल तशी निघाली, आणि दोनचार पिकांच्या कडेवर साच्याची शिवण तशीच होती. ती शिवण नखाला लागते. जी नखाला लागते ती तारेलाही लागते. घनाचा हिशोब वर दिलाय, एवढ्या फरकाने प्रत्येक पिक हाताला वेगळं लागणार. मग रोज एक बदलून बघितल्यावर गोंधळ होईल नाही तर काय?

काय घ्यायचं ते आता स्पष्ट लिहितो. जांभळं टॉर्टेक्स १.१४, नेहमीच्या आकाराचं, आणि लाल नायलॉनचं जॅझ थ्री. दोनच. पहिला आठवडा एक, दुसरा आठवडा दुसरं, दोन्हींवर तीच चार नोट्सची चाचणी, तोच टेम्पो, अ‍ॅम्प बंद ठेवून. अ‍ॅम्प बंद यासाठी की गेनमध्ये सगळ्या चुका एकसारख्या गोड लागतात. रेकॉर्डिंग ऐकताना सूर सोडून दे, फक्त दोन नोट्सच्या मधलं अंतर ऐक, आणि तारा बदलताना ‘टक’ असा जास्तीचा आवाज येतो का ते ऐक. तो ‘टक’ ज्या पिकावर कमी ते तुझं. मग किमान सहा आठवडे दुसऱ्या पिकाला हात लावायचा नाही. कुणी मित्राने काहीही आणून दिलं तरी.

तीन हजारांच्या पिकांबद्दलही लिहितो, नाहीतर तुला रात्री झोप लागायची नाही. परदेशात काही कारागीर खास प्लास्टिकची, हाताने कड घासलेली पिकं बनवतात, एकेक तीस-पस्तीस डॉलरच्या पुढे. मी वाजवून बघितलीयत. छान आहेत, फारशी झिजत नाहीत, आणि कड पहिल्या दिवसापासून सुटसुटीत असते. तीच कड वॉटर पेपरने तू पाच मिनिटांत करू शकतोस. आणि पिकं हरवतात. गाद्यांखाली, वॉशिंग मशीनमध्ये, साउंडहोलमध्ये, स्कूटरच्या डिकीत. आमच्याकडे मी फोनवर “पिकं आली का” विचारलं की मावशी अजून विचारते ऊस की सोयाबीन. एवढ्या पिकांचा हिशोब तिलाही लागत नाही, मला तर मुळीच नाही.

चाचणी झाली, एक ठरलं, की दुकानात जाऊन त्याच जाडीची, त्याच मटेरियलची सहा घे. व्हर्निअर खिशात ठेव, लाजू नकोस. दुकानदार बरणी पुढे करून विचारेल, “मिक्स देऊ?” नको म्हण.